चिबड रानातली माती वाचायची असेल तर कोणतं गिरमिट घ्यावं?

निकाल आधी सांगतो. ओहोळाकाठची राई, डोंगराच्या पायथ्याचं ऐनाचं रान किंवा कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, खालच्या अंगाचा पाणी साचून चिबडलेला तुकडा, अशा ठिकाणची माती तपासायची असेल तर एडलमन पद्धतीचं हातगिरमिट घ्यावं. व्यास सात सेंटिमीटर, पातं चिकण मातीचं, वर आडवी मूठ आणि एक मीटरचा एक जोडदांडा. बस्स. विक्रेते ऑगर म्हणून आठ-दहा पात्यांची पेटी दाखवतात, ती गोव्यात फारशी कुणाला लागत नाही. त्यातली निम्मी पाती जांभ्यावर वाकतात आणि उरलेली पावसाळ्यात पेटीतच गंजतात.

हे अवजार मूळचं डच. वाखेनिंगेनचे मृदाशास्त्रज्ञ एडलमन यांचं नाव त्याला चिकटलं आहे. सपाट, ओल्या, दगड नसलेल्या जमिनीसाठी ते घडलं. पश्चिम युरोपातली ओकची बरीच जुनी रानं अशाच जमिनीवर उभी आहेत. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरचं हेली वुड घ्या: हिमयुगात बर्फाने आणून टाकलेली जड चिकण माती, जवळपास सपाट माथा, पाणी खाली मुरत नाही आणि बाजूलाही सरकत नाही. तिथे ओकच्या खाली काय उगवतं, कुठलं झाड वादळात आडवं होतं, कुठली रोपटी जगतात, या सगळ्याचा उलगडा जमिनीच्या वरच्या हातभर थरात होतो. गोव्यात ओक नाही. पण मातीत हवा कुठवर पोचते हा प्रश्न तोच आहे आणि त्याचं उत्तर काढायचं अवजारही तेच. फक्त त्या उत्तराचा अर्थ आपल्याकडे एका ठिकाणी उलटा लागतो. ते पुढे येईलच.

आधी अवजार. एडलमनचं पातं म्हणजे टोकाशी जुळलेल्या आणि वर फाकलेल्या दोन पोलादी पट्ट्या. चिकण मातीच्या पात्यात या पट्ट्या अरुंद असतात, मधली फट मोठी. माती स्वतःच्या चिकटपणाने आत धरून राहते, त्यामुळे पट्टी रुंद असायची गरज नाही, आणि फट मोठी असल्याने अंगठ्याने ढकलून माती बाहेर काढता येते. वाळूच्या पात्यात पट्ट्या रुंद असतात, कारण वाळू नाहीतर गळून जाईल. दुकानदार बहुतेक वेळा मधलं, म्हणजे मिश्र मातीचं पातं पुढे करतो. ‘सगळीकडे चालतं’ हे त्याचं वाक्य खोटं नाही, पण ओल्या चिकण मातीत त्या पात्यातून माती काढताना नखं दुखून येतात आणि नमुन्याची वाट लागते ती वेगळीच.

व्यासाबद्दल थोडं. चार सेंटिमीटरचं गिरमिट हलकं आणि मुळांना कमी इजा करणारं, पण त्यात येणारी माती इतकी पिळवटलेली असते की तिची मूळ रचना दिसत नाही. दहा सेंटिमीटरचं चिकण मातीत फिरवायला दोन माणसं लागतात. सात हा बरा मध्य. सातच्या पात्याने दहा सेंटिमीटर खोलीचा एक घास घेतला की सुमारे ३८५ घनसेंटिमीटर माती येते, ओली असेल तर जवळपास पाऊण किलो. सव्वा मीटर खोल जायचं तर असे बारा-तेरा घास, म्हणजे आठ-नऊ किलो माती वर काढायची आणि काम झाल्यावर परत भरायची. एका सकाळी किती भोकं होतील याचा अंदाज यावरून बांधा.

जोड दोन प्रकारचे मिळतात. एक आट्यांचा, दुसरा खटक्याचा: दांडा खाचेत बसवून वरची नळी सरकवली की पक्का. आट्यांचा जोड मजबूत असतो, पण आट्यांत चिकण माती गेली की दोन पाने लावूनही सुटत नाही. आपल्याकडच्या चिखलात खटक्याचाच घ्यावा. त्याची नळी मात्र दर वेळी पुसूनच सरकवायची. आत वाळूचा कण अडकला की ती अर्ध्यावर थांबते, जोड बसलासा वाटतो, आणि ओढताना पातं भोकातच राहतं.

वापरायची रीत साधी आहे, पण बहुतेक जण घाई करतात. पालापाचोळा हाताने बाजूला सारायचा, जपून, कारण नंतर तो जागेवर टाकायचा आहे. गिरमिट उभं धरून घड्याळाच्या दिशेने दाबत फिरवायचं आणि पातं भरेल एवढंच, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर खाली जायचं. त्याहून खोल गेलात तर जादा माती पात्याच्या वर चढून दाबली जाते, भोकाच्या कडांना घट्ट बसते आणि गिरमिट अडकतं. ओल्या चिकण मातीत खाली पोकळी तयार होऊन शोषही लागतो. सरळ वर खेचू नये. आधी एक-दोन वेढे न दाबता फिरवायचं, म्हणजे कडेने हवा आत जाते, मग गुडघे वाकवून पायांच्या जोरावर उचलायचं. कमरेने उचलणाऱ्याची कमर चौथ्या-पाचव्या घासाला बोलू लागते.

वर आलेल्या प्रत्येक घासाच्या माथ्यावरची दोन-तीन सेंटिमीटर माती टाकून द्यायची, ती वरून पडलेली असते. उरलेली उभ्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपात क्रमाने मांडायची आणि शेजारी टेप ठेवायची. टेप भोकातही सोडून बघावी. मांडलेल्या मातीची लांबी आणि भोकाची खोली कधीच तंतोतंत जुळत नाही, कारण पात्यात माती फुगते. खोली भोकातली धरायची, पाइपातली नव्हे.

आता या गिरमिटाचा सगळ्यात मोठा दोष. पातं फिरत फिरत आत जातं, त्यामुळे येणाऱ्या मातीची बाहेरची बाजू लिंपली जाते. गुळगुळीत, करडा, सारखा दिसणारा लेप. पहिल्यांदा काम करणारे तोच रंग टिपतात आणि सगळी माती एकजात करडी लिहून मोकळे होतात. गोळा हाताने मोडायचा, सुरीने कापायचा नाही. सुरीनेही तसाच लेप बसतो. माती आपल्या नैसर्गिक भेगेवर मोडली पाहिजे, म्हणजे खड्याची बाहेरची बाजू आणि आतला भाग वेगवेगळे दिसतात. या रानांतला सगळा खेळ त्या फरकातच आहे.

पाण्याने भरलेल्या मातीतली हवा संपली की तिथले जिवाणू आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह वापरू लागतात. तांबडं-पिवळं लोह विरघळणाऱ्या रूपात जातं आणि माती करडी किंवा निळसर पडते. जिथे पुन्हा हवा मिळते तिथे ते गंज होऊन बसतं. म्हणजे करडा रंग गुदमरलेल्या जागेचा आणि तांबूस डाग श्वास घेणाऱ्या जागेचा. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पुढची पायरी अशी की मोडलेल्या खड्यात गंज बाहेर आहे की आत, ते बघायचं.

खड्याची बाहेरची बाजू आणि मुळांच्या वाटा करड्या, आतला गाभा तांबूस: पाणी वरून आलं आहे. पाऊस पडला, खालच्या घट्ट थरावर साचला, भेगांमधून उतरला, आणि भेगांच्या कडा आधी गुदमरल्या. जड चिकण मातीवरच्या ओकच्या रानात नेहमी हाच नमुना मिळतो. उलट गाभा करडा, आणि गंज मुळांच्या वाटांवर व खड्याच्या कडांवर: पाणी खालून आलं आहे. भूजल वर चढलेलं असतं आणि हवा वरून मुळांच्या वाटेनेच आत शिरते. ओहोळाच्या काठावर, झऱ्याखाली हा नमुना दिसतो. एकाच रानात वीस पावलांवर एक नमुना संपून दुसरा सुरू होतो, आणि वरची झाडंही तिथेच बदलतात.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बांबरच्या निरंकाराच्या राईसारख्या ठिकाणी दुसरा नमुना अपेक्षित धरावा. रानजायफळाच्या कुळातली झाडं गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी असणारी ही राई. भारतातल्या वनप्रकारांच्या १९६८ सालच्या चॅम्पियन आणि सेठ यांच्या वर्गीकरणात अशा दलदलींना स्वतंत्र जागा आहे. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातही एक आहे, बाकीच्या बहुतेक उत्तर कन्नड आणि केरळात. या झाडांची मुळं चिखलातून वर येतात, गुडघ्यात वाकून पुन्हा खाली जातात आणि हवा वरच घेतात. काहींना बुंध्यापासून आधारमुळं फुटतात. सोबत केवडा, वेत आणि पाण्याच्या कडेला लागेनांद्राची रुंद पानं. अशा जागी वरची पाच-दहा सेंटिमीटर माती काळी आणि पानांनी भरलेली, त्याखाली करड्या मातीत केसाएवढ्या मुळांभोवती नारिंगी नळ्या, आणि आणखी खाली निळसर, मऊ, हाताला लोण्यासारखा लागणारा थर. त्या नारिंगी नळ्या नीट बघाव्यात. नळीत जिवंत मूळ असेल तर ते मूळ आजही ऑक्सिजन खाली पोचवतं आहे. नळी रिकामी असेल तर ती जुनी खूणही असू शकते.

गिरमिटाची इथे परीक्षा होते ती त्या निळसर थरात. माती इतकी मऊ असते की एडलमनच्या फटीतून गळते, किंवा भोक कडेने मिटतं. त्यासाठी वेगळं अवजार आहे: अर्ध्या नळीचं गाऊज, तीन सेंटिमीटर व्यासाचं. ते न फिरवता सरळ खाली दाबायचं, तळाला पोचल्यावर एकच वेढा द्यायचा आणि उचलायचं. माती जशीच्या तशी येते, थर मिसळत नाहीत, भोकही लहान पडतं. दलदलीत किंवा खाजनाच्या चिखलात काम करणाऱ्याने एडलमनऐवजी गाऊजच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण तेच गाऊज ऐनाच्या रानातल्या वाळलेल्या चिकण मातीत ठोकलं तर वाकतं, आणि एकदा वाकलेलं गाऊज सरळ होत नाही.

ऐनाचं रान ही गोव्यापुरती ओकच्या रानाची खरी जोडी म्हणता येईल. ऐन जड, निचरा कमी असलेल्या मातीतही तग धरतो. सागाला ते जमत नाही. डोंगराच्या पायथ्याला सागाची लागवड एका ओळीनंतर एकाएकी खुरटलेली दिसते तिथे गिरमिट घालून बघा. घट्ट थर वर सरकलेला असतो, आणि खड्याच्या कडा करड्या, गाभा तांबूस हा वरून साचलेल्या पाण्याचा नमुना पहिल्या पन्नास सेंटिमीटरातच मिळतो.

सुरुवातीला म्हटलेला उलटा अर्थ इथे येतो. ओकच्या रानात माती हिवाळ्यात भरते. तेव्हा झाड पर्णहीन असतं, माती थंड असते, मुळांची आणि जिवाणूंची हवेची मागणी कमी असते. त्यामुळे माती महिनोन् महिने ओली राहूनही ओक टिकतो. त्याचा खरा ताण वसंतात, पालवी फुटताना पाणी अजून उतरलेलं नसेल तेव्हा. आपल्याकडे माती भरते जून ते सप्टेंबर, वर्षाच्या सुमारे तीन हजार मिलिमीटरपैकी बहुतेक पाऊस याच काळात पडतो, आणि झाडं पूर्ण पानावर असतात. माती उबदार असते. थंड मातीतली हवा संपायला आठवडे लागतात, तिथे उबदार मातीत काही दिवस पुरतात. म्हणून तेवढेच करडे डाग इंग्लंडमध्ये लांबलेल्या हिवाळी ओलीचे असतील, तर सत्तरीत ते तुलनेने थोड्या दिवसांच्या ओलीतूनही पडू शकतात. युरोपातली कोष्टकं, म्हणजे इतक्या खोलीवर डाग दिसले तर वर्षात इतके दिवस पाणी, ही जशीच्या तशी गोव्यात लावू नयेत. आमच्याकडच्या बऱ्याच अहवालांत नेमकं तेच केलेलं असतं.

त्याहून मोठी फसगत जांभ्याची. गोव्यातली बरीच माती जांभ्यातून आलेली, आणि जांभ्याच्या खालच्या मऊ थरात लाल-पांढरे-पिवळे चट्टे मुळातच असतात. ते आजच्या पाण्याने पडलेले नाहीत. फार जुन्या काळातल्या पाण्याच्या चढ-उताराचे ते अवशेष आहेत. नवखा माणूस ते बघून कोरड्या टेकडीला पाणथळ ठरवतो. ओळख अशी: आजच्या डागांच्या कडा विरत जातात आणि ते मुळांच्या वाटांना, भेगांना, खेकड्यांच्या बिळांना धरून असतात. जुन्या चट्ट्यांच्या कडा धारदार असतात, मुळांशी त्यांचा संबंध नसतो, आणि पुष्कळदा तो तुकडा कठीण होऊन वेगळाच सुटून येतो. शंका असेल तर भिंग वापरावं. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं.

जांभ्याचे खडे लागले की एडलमन थांबवायचं. ‘आणखी थोडं दाबून बघू’ म्हणणाऱ्याच्या हातून पात्याचं टोक उघडतं, मग दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या दिशेला जातात. खडी मिसळलेल्या मातीसाठी रिव्हरसाइड नावाचं गिरमिट असतं. ते नळीचं, खाली दोन चमचेवजा दाती असलेलं. ते खडीतून जातं, पण माती चुरून आणतं, त्यामुळे डाग वाचायला उपयोग कमी. पायथ्याच्या रानात सरळ पहार आणि कुदळ घेऊन अर्ध्या मीटरचा खड्डा काढलेला बरा.

रंग बघताना मुन्सेलची रंगपट्टी, म्हणजे मातीचे रंग आकड्यांनी ओळखायचा तक्ता, लागते. मातीच्या रंगाचा तिसरा आकडा, क्रोमा, दोन किंवा त्याखाली आणि सोबत गंजाचे डाग असतील तर माती गुदमरते असं धरतात. माती ओलसर हवी, वाळलेली नको. राईच्या दाट सावलीत उजेड हिरवा असतो आणि पट्टी चुकीची जुळते, म्हणून गोळा उघड्यावर, सूर्य पाठीशी घेऊन बघायचा. गॉगल काढायचा. आणि हे सगळं लगेच करायचं. निळसर माती हवेत आली की अर्ध्या तासाच्या आत तिचा रंग बदलायला लागतो. हा बदल स्वतःच पुरावा आहे: बाहेर काढताना आणि अर्ध्या तासाने, दोन्ही वेळचा रंग लिहिला तर ती माती त्या क्षणी खरोखर हवेवाचून होती हे कळतं. पट्टी महाग असते आणि आपल्या दमट हवेत तिला बुरशी लागते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावी.

विरघळलेलं लोह तपासायला अल्फा-अल्फा डायपिरिडिलचं ०.२ टक्के द्रावण वापरतात. थेंब टाकला आणि माती अर्ध्या मिनिटात गुलाबी-लाल झाली तर लोह त्या रूपात आहे. इथे गिरमिट स्वतःच खोटी साक्ष देतं. पोलादी पात्याचं लोह मातीच्या बाहेरच्या लेपात उतरतं आणि कोरड्या मातीचाही नमुना गुलाबी दिसतो. थेंब नेहमी हाताने नुकत्याच मोडलेल्या, पातं न लागलेल्या आतल्या बाजूवर. द्रावण विषारी आहे आणि उजेडात खराब होतं. हातमोजे घाला, काळी बाटली वापरा, आणि राईत ते सांडू नका.

हे सगळं नको असेल तर बोटं आहेतच. ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबून पट्टी काढायची. पाच सेंटिमीटरहून लांब पट्टी न तुटता निघाली तर चिकण माती, अडीच ते पाचच्या मध्ये तुटली तर चिकण पोयटा. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा संपून जिवाणू लोहाच्याही पुढे, गंधकापर्यंत पोचले आहेत.

पाण्याची पातळी मोजण्यासाठी गिरमिटाच्या भोकात पीव्हीसी पाइप सोडतात, खालच्या भागाला छिद्रं पाडून आणि कापडाची पिशवी चढवून. बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी कोरडा पाइप बघून ‘पाणी नाही’ लिहितात. भोकाच्या भिंती लिंपलेल्या असतात, आणि चिकण मातीतून पाणी झिरपायला मुळातच वेळ लागतो. पाइप घालण्याआधी तारेच्या ब्रशने भिंती खरवडाव्यात आणि पातळी निदान काही दिवसांनी वाचावी. वरच्या हातभर भागात पाइपाभोवती बेंटोनाइट (ओलीत फुगणारी चिकण माती) किंवा घट्ट मळलेली चिकण माती भरली नाही तर पावसाचं पाणी बाहेरच्या बाजूने थेट खाली उतरतं आणि पाइप खोटं बोलतो. टोपण हवंच, नाहीतर पाइपात बेडूक पडतात.

भोकं कुठे घ्यायची? ओहोळापासून काटकोनात ओळ धरून दर पाच मीटरवर एक, ही रीत बरी. पण सपाटीवरच घेऊ नयेत. घट्ट चिकण मातीवरच्या झाडांची मुळं उथळ पसरतात, वादळात झाड मुळांच्या थाळीसकट उलटतं आणि मागे एक खड्डा व एक उंचवटा राहतो. ओकच्या जुन्या रानात असे खड्डे-उंचवटे पुष्कळ असतात. खड्ड्यात पाणी साचतं, उंचवट्यावर रोपं रुजतात. आपल्याकडे पावसाळी वाऱ्याने उलटलेल्या झाडांचंही तेच होतं, आणि दलदलीत मोठ्या बुंध्यांभोवती माती थोडी वर धरलेली असते. खड्डा, उंचवटा आणि सपाटी यांचा प्रत्येकी एक नमुना नसेल तर त्या ओळीला अर्थ नाही.

राईत पाणी कमी होतंय का, या प्रश्नावर मात्र या अवजाराचे पैसे वसूल होतात. कुळागराला पाणी न्यायला वरच्या अंगाला ओहोळ वळवला की दलदल एका रात्रीत वाळत नाही. पण वरच्या थरात भेगांच्या कडेने तपकिरी रेषा उतरू लागतात. आधी गुदमरलेल्या मातीत हवा शिरल्याची ती खूण. रानजायफळाचं बी वाळलं की मरतं, त्याला साठवण नाही, त्यामुळे वरचा थर उन्हाळ्यात वाळू लागला तर मोठी झाडं हिरवी दिसत असतानाच खालची रोपं संपतात. त्याच ओळीवर दर वर्षी एप्रिलमध्ये भोकं घ्यायची आणि तपकिरी रेषा किती खोल गेली ते मोजायचं. जुन्या भोकापासून निदान मीटरभर लांब, कारण भरलेल्या भोकातून हवा जाते. ऑगस्टच्या नोंदीवरून हे कळणार नाही, तेव्हा सगळंच भरलेलं असतं.

देवराईत काम करताना आधी गावकारांची आणि देवस्थानाची परवानगी. अभयारण्याची हद्द असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, त्याशिवाय गिरमिट नेऊच नये. चपला बाहेर. गुडघेमुळांपासून दोन मीटरच्या आत भोक घ्यायचं नाही. माती ज्या क्रमाने निघाली त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे सर्वांत खालची सर्वांत आधी, भोकात परत भरायची, मुठीने दाबत, शेवटी पालापाचोळा. कुळागरातून थेट राईत जायचं असेल तर पातं आणि बूट घासून धुवा, माती पूर्ण निघाल्यावर ७० टक्के स्पिरिटने पुसा. सुपारीच्या कोळेरोगाचा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव आणि त्याचे भाईबंद पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूंनी पसरतात. ओल्या चिकण मातीत त्यांना आयतं घर मिळतं, ओकच्या रानांतही मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोराचा त्रास आहेच.

खरेदीबद्दल शेवटचं. आयात केलेलं गिरमिट महाग पडतं. फोंडा, म्हापसा भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडून करून घेता येतं, पण तीन गोष्टी सांगून घ्या. पातं साध्या माइल्ड स्टीलचं नको, ते चिकण मातीतच फाकतं. ट्रकच्या पाट्याचं पोलाद चालतं, धार दिल्यावर पाणी देऊन घ्यायचं. पातं आणि दांडा यांच्या जोडावर वेल्डिंग चहूबाजूंनी पूर्ण हवं, स्वस्त नकलेत ते दोन ठिपक्यांवर असतं आणि गिरमिट हमखास तिथेच तुटतं. मुठीची रुंदी साठ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. आखूड मूठ फिरत नाही, लांब मूठ राईतल्या वेलीत अडकते. दांड्यावर दर दहा सेंटिमीटरवर खूण कोरून घ्यावी, रंगाने नको, रंग पहिल्या पावसात जातो. काम झाल्यावर पातं धुऊन, कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा. मात्र माती प्रयोगशाळेत पाठवायची असेल तर पुढच्या वेळी पहिला घास टाकून द्या, त्यात ते तेल उतरलेलं असतं.